मीटर, बिल्ला आणि आपण

नाशिकरोडच्या स्थानकावर उतरून प्रवासी बाहेर आला, कीं "कुठं जायचं, काका?" हा प्रश्न चहूंकडून त्याच्या कानीं पडतो आणि त्याच्या मागोमाग भाड्याचा वाद सुरू होतो. गांव स्थानकापासून आठ-नऊ किलोमीटर दूर असल्यामुळें हा वाद आजकालचा नव्हे. आमचे आजोबा टांग्यांच्या काळच्या घासाघिशीच्या गोष्टी मोठ्या रंगवून सांगत. एके काळीं स्थानकापासून मेनरोडपर्यंत ट्रामगाडी चालत असे. तिचें तिकीट ठरलेलें, त्यामुळें वादाला जागा नसे. परंतु १९३० नंतर लवकरच ती बंद पडली. पुढें टांगा गेला, रिक्षा आली. घोडा जाऊन इंजिन आलें. घासाघीस मात्र जेथल्या तेथें राहिली.

गेल्या दिवाळींत आमचे धाकटे बंधु सहकुटुंब मुंबईहून आले. हातांतील पिशवी ओटीवर ठेवतांक्षणींच त्यांनीं सुरुवात केली, "तुमच्या नाशकांतले रिक्षावाले म्हणजे शुद्ध लुटारू!" झालें. घरांतील प्रत्येकास आपापला अनुभव आठवला. सूनबाईंना शालिमारची रिक्षा आठवली, घरांतील वडील मंडळींना त्र्यंबकची. आम्हींहि आमच्या चाळीस वर्षांच्या अनुभवांतून दोन-चार दाखले दिले. ही सभा ऐन रंगांत आली असतां आमचा सोळा वर्षांचा नातू मध्येंच म्हणाला, "आजोबा, रिक्षाला मीटर असतं ना? मग ते लावत का नाहीत?"

प्रश्न सोपा होता. शाळेंत पस्तीस वर्षें प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या आम्हांस त्याचें उत्तर चटकन् देतां आलें नाहीं. तें शोधतां शोधतां आम्हांस जें सांपडलें तें आमच्या वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेखप्रपंच. त्यांतील शेवटचा भाग आमच्या स्वतःच्या घरांतला आहे. तो सांगण्यास संकोच वाटतो; परंतु तो वगळला तर बाकीच्या लेखास फारसा अर्थ उरणार नाहीं.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. 'मीटर' हा शब्द ग्रीक 'मेत्रोन' या शब्दापासून आला, आणि त्याचें नातें थेट आपल्या 'मा' म्हणजे मोजणें या धातूशीं आहे. मान, मात्रा, परिमाण, प्रमाण हीं सारीं त्याच कुळांतील भावंडें होत. 'टॅक्सी' हा शब्द तर याहून मौजेचा आहे. 'टॅक्सा' म्हणजे आकार किंवा पट्टी. आकारणी मोजणारें यंत्र तें टॅक्सीमीटर, आणि तें यंत्र बसविलेली गाडी ती टॅक्सी. म्हणजे या वाहनाला नांव मिळालें तें त्याच्या चाकावरून किंवा वेगावरून नव्हे, मापावरून मिळालें. ज्या टॅक्सींत माप चालत नाहीं ती व्युत्पत्तीच्या दृष्टीनें टॅक्सीच नव्हे, असें म्हणावें लागेल.

चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर ठरविण्याची कल्पना फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या व्हिट्रुव्हियस नांवाच्या रोमन स्थापत्यशास्त्रज्ञानें तिचें वर्णन करून ठेविलें आहे. चार फूट व्यासाच्या चाकाच्या फेऱ्या दातेरी चक्रांनीं मोजावयाच्या, आणि चारशें फेऱ्या होऊन एक रोमन मैल पुरा झाला म्हणजे एक गोटी खालच्या पात्रांत पडावयाची. मुक्कामाला पोंचल्यावर गोट्या मोजल्या कीं मैल कळले. या जुन्या युक्तीला पैशाचा हिशेब जोडण्याचें काम जर्मनींतील ब्रून नांवाच्या गृहस्थानें १८९१ मध्यें केलें. त्याच देशांत स्टुटगार्ट शहरीं १८९७ मध्यें डाइमलर कंपनीची मोटार मीटर लावून भाड्यानें फिरूं लागली, आणि १९०७ मध्यें लंडन शहरानें भाड्याच्या मोटारींना मीटर सक्तीचें केलें. मुंबईंत टॅक्सी आली ती १९११ सालीं.

मुंबईला भाड्याच्या गाड्यांवरील नियंत्रण नवें नव्हतें. व्हिक्टोरिया व इतर भाडोत्री गाड्यांसाठीं १८६३ मध्येंच कायदा झाला होता आणि १९२० मध्यें त्याची जागा दुसऱ्या कायद्यानें घेतली. मग घोड्याच्या गाडीला जें चाललें तें मोटारीला कां चालूं नये? कारण असें कीं, घोड्याच्या चालीवरून अंतर किती झालें हें बसणाऱ्याला अजमावतां येत असे. किती वेळ गेला, घोडा किती थकला, हें दिसत असे. मोटारीनें अंतर गिळून टाकलें. शिवाय गांवांतला टांगेवाला नांवानें ओळखीचा असे. त्यानें आज दोन आणे अधिक घेतले तर उद्यां देवळापाशीं गांठ पडेल, ही लाज दोघांनाहि असे. महानगरांत बसणारा आणि हांकणारा एकमेकांना पुन्हां जन्मांत भेटण्याचा संभव नसतो. जेथें ओळख नाहीं तेथें लाजहि नाहीं, आणि जेथें लाज नाहीं तेथें तिऱ्हाईत पंच लागतो. मीटर हा तो पंच होय. तो उतारूचा नव्हे आणि चालकाचाहि नव्हे.

हा पंच निवाडा कसा करतो तें पाहण्यासारखें आहे. जुन्या यांत्रिक मीटरला दोन आधार असत. एक, गाडीच्या चाकांबरोबर फिरणारी तार आणि दुसरें, आंतलें घड्याळ. गाडी धांवत असतांना तारेच्या फेऱ्यांवरून आकडा पुढें सरके. गाडी गर्दींत उभी राहिली कीं घड्याळ आपलें काम करी. चालकाचा वेळ फुकट जाऊं नये व उतारूला न केलेल्या प्रवासाचे पैसे पडूं नयेत, अशी ही दुहेरी सोय. परंतु येथेंच एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. मीटर अंतर मोजीत नाहीं, तें फेऱ्या मोजतें. समजा, चाकाचा परीघ १२५ सेंटिमीटर आहे. तर ८०० फेऱ्यांचा एक किलोमीटर झाला. आतां टायर झिजून परीघ १२२.५ सेंटिमीटर झाला. मीटर पूर्वींप्रमाणेंच ८०० फेऱ्या मोजून एक किलोमीटरचे पैसे दाखवील. पण गाडी मात्र ९८० मीटरच चाललेली असेल. यांत कोणी लबाडी केलेली नाहीं, तरी दर किलोमीटरला वीस मीटरांची खोट आली. मग जो जाणूनबुजून आंतलें चक्र किंवा आजच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांतील जोडणी बदलतो त्याची गोष्ट काय सांगावी!

म्हणून पंचावरहि पंच नेमावा लागतो. ही गरज आमच्या पूर्वजांनीं ओळखली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वजनें-मापें सांभाळणारा पौतवाध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी आहे, आणि दर चार महिन्यांनीं मापें तपासून त्यांवर मुद्रा उमटवावी असें तेथें सांगितलें आहे. मनुस्मृतींत हीच मुदत सहा महिन्यांची आहे. आज २००९ च्या वैधमापन कायद्याखालीं हें काम चालतें. टॅक्सी-रिक्षांच्या मीटरांची ठराविक मुदतीनें तपासणी होऊन त्यांस मोहोर लागते. मोहोर तुटलेलें मीटर म्हणजे शिक्का नसलेलें शेर-मापटें. नांवें बदललीं, यंत्र बदललें. माप कोणा एकाच्या हातीं सोंपवूं नये हें तत्त्व मात्र तेंच राहिलें.

एवढें झालें तरी वाद संपत नाहीं. कारण माप खरें असूनहि मोजणाऱ्याला तें वाचतां आलें पाहिजे. येथें आम्हांस आमचीच एक फजिती सांगितली पाहिजे. २००० सालच्या सुमारास एका लग्नानिमित्त आम्ही सहकुटुंब मुंबईस गेलों होतों. दादरहून गिरगांवास टॅक्सी केली. ती जुनी काळी-पिवळी फियाट. मीटर बाहेर, बॉनेटच्या डाव्या बाजूस. उतरल्यावर आम्हीं वांकून पाहिलें तों आकडा चार रुपये व कांहीं पैसे. चालकानें मागितले पन्नासांहून अधिक. आमचा पारा चढला. बायकामुलांसमक्ष, मांडवाच्या दारांत, आम्हीं त्या माणसास "चोर" हा शब्द वापरला. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें आसनाजवळून एक छापील कार्ड काढून आमच्या हातीं दिलें. त्यावर एका बाजूस मीटरचा आकडा व दुसऱ्या बाजूस देय रक्कम अशी सरकारी कोष्टकें होतीं. भाडें वाढलें म्हणजे शहरांतील सगळ्या मीटरांचीं चक्रें बदलणें सोपें नसे, म्हणून जुना आकडा तसाच ठेवून नवा हिशेब कार्डावर छापीत. त्यानें मागितलेली रक्कम कार्डाप्रमाणें पैशाइतकी बरोबर होती. आम्हीं पैसे दिले. क्षमा मागावयाची मात्र राहून गेली, कारण तोंवर वरात आली. गणिताच्या तासाला कोष्टक न पाहतां उत्तर लिहिणाऱ्या किती मुलांना आम्हीं बांकावर उभें केलें होतें, याची आठवण त्या दिवशीं फार झोंबली.

पुढें इलेक्ट्रॉनिक मीटरें आलीं, रक्कम थेट आकड्यांत दिसूं लागली आणि त्या कार्डांचें काम संपलें. फियाटच्या घराण्यांतली प्रीमियर पद्मिनी टॅक्सीहि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. परंतु भाडें किती असावें हा मूळचा प्रश्न यंत्रानें सुटत नाहीं. त्यासाठीं शासनानें वेळोवेळीं समित्या नेमल्या. २०१२ मध्यें हकीम समितीनें गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, विमा, कर आणि चालकाचा निर्वाहखर्च यांची सांगड घालून भाड्याचें सूत्र मांडलें. नंतर खटुआ समितीनेंहि या प्रश्नाचा विचार केला. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईंत पहिल्या दीड किलोमीटरला टॅक्सीचे ३१ रुपये व रिक्षाचे २६ रुपये असा दर लागू झाला, तो अशाच फेरविचारांतून. या सूत्रांत चालकाच्या घरच्या चुलीचा हिशेब असतो, हें आम्हां उतारूंच्या फारसें ध्यानांत येत नाहीं. इंधनाचा भाव वाढत गेला आणि भाडें मात्र वर्षानुवर्षें तेंच राहिलें, तर मीटर खरें बोलत असूनहि अन्याय करूं लागतें. असें झालें कीं चालक त्यावर फडकें टाकतो आणि तोंडी भाव सांगूं लागतो. एकदां फडकें पडलें म्हणजे पुढें दर वाढला तरी तें सहसा उचललें जात नाहीं.

नातवाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर हें झालें. उरलेलें अर्धें उतारूंकडे आहे. नाशकांत रविवार कारंजावर किंवा द्वारकेजवळ उभें राहून पाहावें. 'शीट' भरून, वांटून घेतलेल्या भाड्यानें जाणें उतारूलाहि स्वस्त पडतें; तेथें मीटरचें नांवहि कोणी काढीत नाहीं. एकटा जाणारा गृहस्थ सुद्धां "मीटर राहूं द्या, पन्नास घ्या" असें आधींच म्हणतो, कारण मीटर अधिक दाखवील अशी त्यास भीति असते. अंधाऱ्या रात्रीं, पावसांत, बरोबर सामान असतां चालकाची बाजू वरचढ. भर दुपारीं, रिकाम्या रिक्षांची रांग लागली असतां उतारूची. ज्याची बाजू ज्या वेळीं वर त्यानें त्या वेळीं पंचाला रजा द्यावयाची, असा हा व्यवहार आहे. आपली बाजू खालीं आली म्हणजे मात्र आपणांस मीटर आठवतें.

अलीकडे मोबाइलवरून बोलावण्याच्या टॅक्सी आल्या. त्यांत घासाघीस नाहीं ही मोठी सोय. रक्कम आधींच दिसते. परंतु ती रक्कम मागणीप्रमाणें कमी-जास्त होते. केंद्र शासनानें २०२० मध्यें मूळ दराच्या दीड पटीपर्यंत व जुलै २०२५ मध्यें दुपटीपर्यंत आकारणीस मुभा देणारीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. वाढीला मर्यादा घातली हें योग्यच झालें. तरी एक शंका मनांत राहते. येथें मोजणारें यंत्र आणि भाडें घेणारी कंपनी हीं एकाच घरांत नांदतात. तिऱ्हाईत पंच एका पक्षाच्या घरीं राहावयास गेला, तर त्याच्यावर पूर्वींपेक्षां अधिक लक्ष ठेवावें लागेल हें उघड आहे.

आतां चालकाकडे वळूं. कारण मीटर पैशाचें माप घेतें, तसें हांकणाराच्या हाताचें माप घेणारी वस्तु म्हणजे परवाना. मोटारी आल्या तेव्हां आरंभीं प्रांतोप्रांतींचे कायदे निरनिराळे होते. १९१४ मध्यें सर्व हिंदुस्थानाकरितां एक मोटार कायदा झाला आणि परवान्यावांचून मोटार हांकण्यास सर्वत्र बंदी झाली. १९३९ च्या कायद्यानें हें सारें अधिक बारकाईनें बांधलें. स्वतःची गाडी चालविणारास अठरा वर्षें पुरीं पाहिजेत आणि भाड्याची गाडी चालविणारास वीस, असा भेद त्यांत केला. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलांत आला, त्यानेंहि हा भेद कायम ठेविला. भाड्याच्या गाडीच्या चालकाला परवान्याबरोबर बिल्लाहि लागतो. त्यावरील क्रमांकामुळें तो चालक अनोळखी राहत नाहीं. देवळापाशीं गांठ पडण्याची जी लाज शहरानें हिरावून घेतली, ती या क्रमांकानें थोडीशी परत आणिली, असें म्हणतां येईल.

परंतु या दोन्ही कायद्यांतील पांचवें कलम आम्हांस विशेष वाटतें. त्यांत चालकाबद्दल नव्हे, मालकाबद्दल सांगितलें आहे. ज्याच्यापाशीं परवाना नाहीं किंवा ज्याचें वय भरलेलें नाहीं, अशाच्या हातीं मालकानें वाहन देतां कामा नये. हें कलम वाचतांना आम्हांस मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाची आठवण झाली. त्या ग्रंथांतील पुष्कळ वचनें आज कोणी मानीत नाहीं, व मानूंहि नयेत. तथापि गाडीच्या अपघाताविषयींचा त्यांतील विचार आजच्या न्यायाधीशासहि पटेल असा आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक भंगलें, हांकणाऱ्यानें "बाजूला व्हा" म्हणून ओरडून सांगितलें होतें, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं. मात्र हांकणाराच्या अकौशल्यामुळें गाडी भरकटून इजा झाली तर मालकाला दोनशें पण दंड. हांकणारा जाणता असेल तर दंड त्याला. आणि हांकणारा अजाण असेल तर गाडींत बसलेल्या प्रत्येकाला शंभर शंभर पण! अडाण्याच्या गाडींत तुम्ही बसलांच कां, हा त्यांतील प्रश्न. हांकणाऱ्याला तेथें 'प्राजक' म्हटलें आहे. प्राजकाची पारख करण्याचा भार मालकावर आणि बसणारांवरहि आहे, असा त्या विधानाचा इत्यर्थ.

हें सारें आम्ही नातवाला दिवाळीच्या सुटींत समजावून सांगितलें. त्यानें तें लक्ष देऊन ऐकलें. आणि माघ महिन्यांत एके संध्याकाळीं आमच्या औषधाची गोळी संपली म्हणून, घरांत दुसरें कोणी नाहीं म्हणून, कोपऱ्यावरच तर जावयाचें म्हणून, आम्हीं आमच्या हातानें त्याला स्कूटरची किल्ली दिली.

सोळाव्या वर्षीं विनागियर दुचाकीचा परवाना मिळतो खरा. पण तो ५० सी.सी. पर्यंतच्या इंजिनासाठीं. आमच्या दारांतली स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठी. आणि आमच्या नातवापाशीं तोहि परवाना नव्हता. हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. मीटर, मोहोर, पौतवाध्यक्ष आणि प्राजक यांवर व्याख्यान देणाऱ्या आम्हांस हें चांगलें ठाऊक होतें.

वळणावर भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंस स्कूटरचा धक्का लागला. त्या पडल्या आणि मनगटाचें हाड मोडलें. मुलाला खरचटलें सुद्धां नाहीं. रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्यानें त्यांना उचलून दवाखान्यांत नेलें आणि मुलाकडून नंबर घेऊन आम्हांस फोन केला. आम्ही धांवत गेलों. बाईंचा हात प्लास्टरमध्यें होता, आणि त्या आम्हांसच धीर देत होत्या, "पोराला रागावू नका, मास्तर. लेकरूच आहे." आम्हांस मान वर करवेना.

बाहेर येऊन आम्हीं रिक्षावाल्यास भाडें विचारलें. त्यानें मीटरकडे बोट केलें. तें चालू होतें. तेवढेच पैसे घेऊन त्यानें गाडी सुरू केली, आणि जातां जातां म्हणाला, "गुरुजी, आमचा बॅज आहे का, लायसन आहे का, ते बघायला रोज चौकात कुणी ना कुणी उभं असतं. तुमच्या घरातल्या पोराचं लायसन कुणी बघितलं?" त्याच्या बोलण्यांत उद्धटपणा नव्हता. तो खरोखर विचारीत होता.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा याबाबत कडक झाला आहे. अल्पवयीन मुलाकडून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो; २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते; वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द होते; आणि त्या मुलाला पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. बाईंनीं तक्रार केली नाहीं. औषधोपचाराचा व त्यांच्या बुडालेल्या धंद्याचा खर्च आम्हीं दिला, आणि मुलाला घेऊन त्यांच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. गिरगांवांत राहिलेली क्षमाहि त्या दिवशीं मनांतल्या मनांत मागून घेतली. परंतु त्या बाईंचें बोट अजूनहि नीट वळत नाहीं, आणि त्याचा हिशेब कोणत्याच कोष्टकांत सांपडत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं स्कूटर आहे आणि पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनीं हा प्रसंग आपला समजावा, एवढीच विनंति. एकत्र कुटुंबांत किल्ली सर्वांची असते, आणि सर्वांची म्हणून कोणाचीच जबाबदारी नसते. काकांनीं दिली, आजोबांनीं दिली, आईला वाटलें बाबांनीं दिली. कायदा मात्र एकच नांव विचारतो. आमच्या घरीं आतां किल्ली देवघराशेजारच्या कपाटांत असते, आणि ती कोणी कोणाला दिली हें दिलेल्यानें सांगावें असा नियम आहे. नातवाचें अठरावें वर्ष लागेपर्यंत तो क्लासला सायकलीनें जाईल. त्यानें स्वतःच तसें ठरविलें आहे.

राहतां राहिला रिक्षाचा प्रश्न. २०१५ च्या सिंहस्थांत लक्षावधि यात्रेकरू आपल्या गांवीं येऊन गेले. २०२७ च्या सिंहस्थांत पुन्हां येतील. परगांवच्या माणसाला गोदावरीचा घाट पाहण्यापूर्वीं आधीं स्थानकाबाहेरची रिक्षा दिसते, आणि गांवाची परीक्षा तेथेंच होऊन जाते. अधिकाऱ्यांनीं मोहिमा काढाव्यात, मीटरें तपासावींत, दर वेळच्या वेळीं सुधारावेत, हें तर हवेंच. परंतु ज्या गांवचे रहिवासीच मीटर नको म्हणतात त्या गांवांत परगांवच्या पाहुण्यासाठीं तें कोण चालू करील?

मागच्या महिन्यांत आम्ही मुंबईहून परत आलों. स्थानकाबाहेर नेहमींप्रमाणें "कुठं जायचं, काका?" ऐकूं आलें. आम्हीं म्हटलें, "पंचवटी, पण मीटरनें चला." चालकानें आमच्याकडे क्षणभर पाहिलें, हंसला, आणि मीटर सुरू केलें. वाड्याच्या दाराशीं उतरून आकडा पाहिला तों आम्ही घासाघीस करून देत असूं त्याहून अकरा रुपये अधिक झाले होते. घरांत हें सांगतांच दूरध्वनीवरून बंधूंनीं "बघा, सांगत होतो ना!" असा शेरा दिला. नातवानें मात्र अभ्यासाच्या वहींतून डोकें वर काढून एवढेंच विचारलें, "मग दिलेत ना, आजोबा?"

दिले होते.